कोझाबेकच्या सात पिढ्या

कोझाबेकने आयुष्यात चार पुस्तकं लिहिली होती आणि वाचलं एकही नव्हतं. स्वतःची चारही त्याने वाचलेली नव्हती. हे त्याच्या बायकोला, रिस्तीला, पक्कं ठाऊक होतं, कारण छापखान्यातून तपासायला आलेला गठ्ठा तो तिच्यासमोरच न सोडता वर सही ठोकून परत पाठवत असे.

कझाकस्तानात, शू नदीच्या खोऱ्यातल्या त्या लहानशा गावात तो तीस वर्षं पंपघराचा साहेब होता. पंप दुसरे चालवत, बिघडला तर दुसरेच दुरुस्त करत, कोझाबेक सही करत असे. निवृत्त झाल्यावर त्याच्यापुढे कागद धरायला कुणी येईना. हात शिवशिवू लागले, म्हणून त्याने लिहायला घेतलं. यापेक्षा मोठं कारण त्याच्या साहित्याला नव्हतं.

गावात त्याच्यासारखे आणखी पाच-सहा होते. दर वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्यातल्या एकाचं पुस्तक निघे आणि सगळ्यांना जेवण मिळे. मूल पहिल्यांदा उभं राहिलं की त्याच्या पायांना दोरी बांधायची, कुणा चांगल्या माणसाने ती कापायची, मग ते चालू लागतं, ही तिकडची जुनी रीत. तीच रीत आता या लोकांनी पुस्तकाला लावली होती. पुस्तकाभोवती फीत बांधायची, मोठ्या साहेबाने ती कापायची, लेखकाच्या खांद्यावर जरीचा चापान, म्हणजे मानाचा लांब झगा, चढवायचा, मानाच्या पाहुण्यापुढे मेंढ्याचं डोकं ठेवायचं आणि दीडशे माणसांनी हात धुऊन एकेक प्रत काखेत मारून घरी जायचं. मूल दोरी कापल्यावर निदान चार पावलं टाकतं. ही पुस्तकं पाहुण्याच्या घरातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसत ती बसतच. कोझाबेकच्या कपाटात दुसऱ्यांची अशी साठएक होती. त्याने त्यांतलं एकही उघडलं नव्हतं, आणि त्या साठ जणांनी त्याची उघडली नव्हती, त्यामुळे कुणाची कुणाबद्दल तक्रार नव्हती.

त्याचं पहिलं पुस्तक पाण्यावरच्या कवितांचं होतं. दुसरं पहिल्यासारखंच होतं, फक्त जाड. तिसऱ्यात त्याने तरुणांना उपदेश केला होता आणि चौथ्यात स्वतःचं चरित्र सांगितलं होतं, ज्यात पंपघर तिसऱ्याच पानावर येतं आणि शेवटपर्यंत हलत नाही.

गावच्या वाचनालयात बीबीनूर नावाची बाई होती, शाळेत त्याच्याच वर्गातली. तिची तऱ्हा उलटी. ती हातात पेन्सिल असल्याशिवाय पुस्तकाला शिवत नसे. एक पुस्तक संपलं की ते काय सांगतं हे स्वतःच्या शब्दांत शाळेच्या वहीत पानभर लिहून काढी, मगच दुसरं घेई. तीस-बत्तीस वर्षांच्या तिच्या अशा वह्या वाचनालयातच एका फळीवर रचलेल्या होत्या. कबरस्तानातल्या जुन्या दगडांवरची अरबी वळणाची अक्षरं गावात कुणाला येत नव्हती. ती अक्षरंही बीबीनूर अशीच शिकली. एका उन्हाळ्यात वर्गातल्या मुलासारखी ती अक्षरं गिरवत बसली, आणि हिवाळ्यात वाचायला लागली. कोझाबेकला हा सगळा पोरखेळ वाटे.

"एवढं लिहितेस तर छाप की," असं तो एकदा तिला म्हणाला.

"छापायला नाही रे लिहीत. लिहिलं नाही तर वाचलेलं माझ्याजवळ राहत नाही."

"माझं बघ. मी वाचतच नाही. वाचायला बसलो तर लिहू कधी?"

"ते दिसतं, कोझाबेक," बीबीनूर म्हणाली. "पानोपानी दिसतं."

कोझाबेकला ही शाबासकी वाटली. घरी जाऊन त्याने ती रिस्तीला सांगितलीसुद्धा.

पाचवं पुस्तक त्याने धाकट्या मुलीच्या लग्नासाठी लिहिलं. बाल्झान अठ्ठावीस वर्षांची होती, गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती, आणि एर्मुरात नावाच्या इंजिनियर मुलासाठी चार वर्षं थांबली होती. त्याची आई अंथरुणावर होती, ती बरी होईपर्यंत त्याने लग्नाचं नाव काढलं नाही, आणि बाल्झाननेही काढलं नाही. शेवटी त्या वसंतात मुलाकडचे आले आणि रीतीप्रमाणे तिच्या कानांत कुड्या घालून गेले. लग्न सप्टेंबरअखेर ठरलं. आता व्याह्यांना कळायला नको का, कुठल्या घराण्यातली मुलगी घेतोय ते? कोझाबेकने घराण्याचा इतिहास लिहायला घेतला.

कझाकांच्या घरात पोर बोलायला लागलं की त्याच्याकडून बापाकडच्या सात पिढ्यांची नावं पाठ करून घेतात. त्याला कारण आहे. सात पिढ्यांच्या आत रक्त जुळलं तर लग्न होत नाही, मग मुलगा-मुलगी एकमेकांसाठी चार वर्षं थांबलेले असोत की चाळीस. आणि हा घराण्याचा इतिहासकार! याला चारच नावं येत होती. बाप झुमादिल, मग बेर्दीकूल, तोक्साबा आणि कोशेक. पुढची आपण विसरलो, अशी त्याची समजूत होती. बाप खोगीर शिवणारा कारागीर होता, हा एकोणीस वर्षांचा असताना गेला. विचारायला कुणी उरलं नाही. आपल्याला सात येत नाहीत ही लाज कोझाबेकने शेहेचाळीस वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. सभेत कुणी पिढ्या मोजायला लागलं की त्याला खोकला येई.

आता खोकून भागणार नव्हतं. त्याने काचेच्या कपाटातून हाताला लागलेलं एक जाडजूड पुस्तक ओढलं. कुणीतरी कधीतरी जेवायला बोलावून दिलेलं. त्यात माइलीबाय नावाच्या एका शूर पुरुषाची वंशावळ होती, त्याचा पांढरा घोडा होता, लढाया होत्या. कोझाबेकने कोशेकच्या मागे हा माइलीबाय चिकटवला आणि अकरा पानं आपल्या वळणदार अक्षरात उतरवून काढली. उतरवतानासुद्धा माणूस थोडंफार वाचतो. न वाचता उतरवायला विशेष गुण लागतो, आणि तो कोझाबेककडे होता. हात चालत होता आणि डोक्यात मेजवानीला घोडी एक कापावी की दोन हा विचार चालला होता. पुस्तकाच्या सुरुवातीला, आपल्या रक्तात बाहेरचा थेंबही नाही, असं एक वाक्य मात्र त्याने स्वतःच्या डोक्याने लिहिलं.

ऑगस्टमध्ये फीत कापली गेली. पाचवा चापान मिळाला. मानाच्या जागी एर्मुरातची आजी कुल्याश बसली होती, ब्याऐंशी वर्षांची, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली. कोझाबेकने पुस्तकावर तिचं नाव घालून आठ ओळींची कविता लिहून दिली. म्हातारीने पुस्तक पिशवीत घातलं, आणि तिथे तिने एक गोष्ट केली जी त्या गावात याआधी कुठल्या पाहुण्याने केली नव्हती. तिने घरी जाऊन ते वाचलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती एर्मुरातला गाडी काढायला लावून आली. कोट काढला नाही. रिस्तीने पुढे केलेल्या तळलेल्या बाउर्साकांना हात लावला नाही. पुस्तक उघडून जेवणाच्या चादरीवर ठेवलं. समासात सगळीकडे निळ्या शाईने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. म्हातारीला पेन हातात असल्याशिवाय वाचता येत नसे.

"व्याही, हा माइलीबाय तुमचा कोण?" तिने विचारलं.

"पाचवा पूर्वज." कोझाबेकची छाती फुगली.

"आमचाही पाचवाच आहे."

कोझाबेकला पहिल्यांदा आनंद झाला. आपली दोन्ही घराणी थोर निघाली असं काहीतरी तो म्हणाला. मग त्याने बाल्झानचा चेहरा पाहिला. तिचा रंग उडालेला होता, आणि एर्मुरात दाराशी उभा होता तो तिथूनच जमिनीकडे बघत होता. तेव्हा कुठे आपण काय लिहून ठेवलंय ते त्या लेखकाला कळलं. पुस्तकाप्रमाणे त्याची मुलगी आणि होणारा जावई हे भाऊबहीण लागत होते.

त्याने छापखान्यावर ढकलून पाहिलं.

"छापखान्याने तुमचा पूर्वज बदलला?" म्हातारी म्हणाली. "घोड्यासकट? हे आमच्याच घराण्यातल्या माणसाच्या पुस्तकातलं आहे, स्वल्पविराम धरून. मला ते पाठ आहे. तुम्ही खोटं लिहिलंय ते मला कळतं. पण दीडशे घरांत हे गेलंय. आज कुणी वाचणार नाही. उद्या कुणाचं तरी पोर वाचेल आणि म्हणेल, कुल्याशने नातवाला घरातलीच मुलगी केली. तेव्हा उत्तर द्यायला मी असणार नाही."

तिने सांगितलं, सफरचंदं उतरेपर्यंत ती थांबेल. तोवर मुलीच्या कानांतल्या कुड्या राहू देत. कोझाबेकने आपले खरे पूर्वज कोण ते पुराव्यानिशी आणून दाखवावं, नाहीतर कुड्या परत कराव्यात. एवढं बोलून ती उठली.

"आणि पुस्तकातून आणू नका," दारातून ती म्हणाली.

त्या दिवशी बाल्झान बापाशी एकच वाक्य बोलली. "बाबा, एक पान जरी वाचलं असतंत." त्यावर कोझाबेक लिहिणं किती कष्टाचं असतं हे सांगू लागला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही लिहिलंत कुठे?" आणि कामावर निघून गेली.

पुरावा निघाला तो रिस्तीच्या पेटीतून. सासऱ्याच्या आऱ्या आणि दाभण ठेवलेल्या डब्यात त्याची एक वही होती, ती तिने लग्न होऊन आल्यापासून जपली होती. कोझाबेकने ती पूर्वी पाहिली होती. खोगिरांची मापं असतील म्हणून सोडून दिली होती. मापं होतीच. पण शेवटची दोन पानं गच्च लिहिलेली होती, अरबी वळणाच्या जुन्या अक्षरात, जी झुमादिल लहानपणी शिकला होता आणि पुढे सरकारने बदलून टाकली. लेखकमहाशयांना त्यातलं एक अक्षर कळेना. वही घेऊन तो बीबीनूरकडे गेला.

तिने चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली. मग वही मिटून त्याच्यापुढे सरकवली.

"मी वाचून दाखवणार नाही."

"का?"

"हे तुझ्यासाठी लिहिलंय. माझ्यासाठी नाही."

"अगं, पोरीचं लग्न मोडतंय."

"म्हणूनच म्हणते, बस." तिने त्याच्यापुढे रेघांची वही ठेवली आणि पेन्सिलीला टोक काढून दिलं.

पाच चापानांचा धनी सहासष्टाव्या वर्षी वाचनालयात मुलांच्या बुटक्या टेबलाशी गुडघे दुमडून बसला. पहिल्या आठवड्यात त्याने आपल्या नेहमीच्या पद्धतीने काम केलं. पानंच्या पानं उतरवली. वळण छान होतं. बीबीनूरने त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? त्याला सांगता येईना.

"तूच लिहिलंयस ना? मग तूच वाच."

"मी फक्त काढलं."

"जन्मभर तेच केलंस," ती म्हणाली, आणि ती पानं तिने चहाच्या शेगडीत घातली. कोझाबेक तणतणत घरी गेला. बीबीनूर मुद्दाम छळते, शाळेतलं उट्टं काढते, असं त्याने रिस्तीला सांगितलं. रिस्तीने दुसऱ्या दिवशी त्याला सकाळीच टोपी हातात देऊन बाहेर काढलं.

मग बीबीनूरने त्याला एकेक शब्द दिला. लिहायचा, वाचायचा, पुन्हा न बघता लिहायचा, आणि आपण काय लिहिलं ते मोठ्याने म्हणायचं. वाचता आलं नाही तर लिहिलेलं खोडायचं. आधी दिवसाला तीन शब्द होत. मग असं झालं की अक्षर हाताखालून नीट उतरलं की पुढच्या वेळी डोळ्यांना ते ओळखू येई, आणि डोळ्यांना ओळखू आलं की हात अडखळत नसे. कोझाबेक हे कुणाला बोलला नाही, पण त्याला ते जाणवलं. कुठलाही पंप आपण कधी उघडून पाहिला नाही, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. एका दुपारी दुसऱ्या पानावरचा एक शब्द तो पुटपुटत जुळवत होता आणि जुळल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली. तो शब्द कोझाबेक होता. बापाने त्याचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बीबीनूर कुलूप काढायला आली तर हा पायरीवर बसलेला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो दुसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत पोचला. तिथे वाचलेलं त्याने दोनदा तपासलं. मग वही उचलली आणि पुढचं न वाचता निघून गेला. बीबीनूरने त्याला हाक मारली नाही.

रस्त्यात त्याचं डोकं पुन्हा जुन्या वाटेने चालू लागलं. व्याह्यांच्या घरात ही अक्षरं कुणाला येत नाहीत. म्हातारी कितीही शिकलेली असली तरी नव्या शाळेतली. बीबीनूर तिथे येणार नाही. कोशेकच्या मागे तीन बऱ्यापैकी नावं घातली, कुणाच्या पुस्तकात नसलेली, तर लग्नही होईल आणि अब्रूही राहील. पाच पुस्तकं लिहिलेल्या माणसाला तीन नावं सुचणं अवघड नव्हतं. घरी पोचेपर्यंत त्याला ती सुचलीसुद्धा.

सफरचंदं उतरली तेव्हा तो रिस्ती आणि बाल्झानला घेऊन व्याह्यांच्या घरी गेला. अंगणात खोकी रचून ठेवली होती. आत कुल्याश, तिची सून आणि एर्मुरात बसले होते. बाल्झानने कुड्या घातल्या होत्या, पण त्यांची डबी पिशवीत आणली होती, परत करायची वेळ आली तर म्हणून. ते कोझाबेकने पाहिलं.

त्याने वही उघडली आणि बोट ठेवून वाचू लागला. सावकाश, अडखळत, पहिलीतल्या पोरासारखा. माझा बाप बेर्दीकूल. त्याचा बाप तोक्साबा. त्याचा बाप कोशेक. इथे तो थांबला. ती तीन नावं जिभेवर तयार होती. त्याने मान वर केली तर बाल्झान त्याच्याकडे बघतच नव्हती. ती पुढे वाकून वहीतल्या त्या अक्षरांकडे बघत होती, तोंड किंचित उघडं ठेवून, आपल्यालाही हे वाचता आलं असतं तर, असं. त्याच्या पाच पुस्तकांपैकी एकाकडेही घरातल्या कुणी असं बघितलं नव्हतं. याची त्याला लाज वाटली आणि ती तीन नावं त्याने गिळली.

"कोशेक इथला नव्हे," त्याने वाचलं. "काश्गरहून आलेल्या कारवाँने तापाने फणफणलेला एक पोरगा नदीकाठी टाकून दिला. तोक्साबाचा बाप कोशेक तो हाच. तो कझाक नव्हता. आपल्या बापाचं नाव त्याला आठवत नव्हतं. आमच्या वस्तीने त्याला मेंढरं राखायला ठेवलं, मग घरातला म्हणून ठेवलं."

रक्तात बाहेरचा थेंबही नाही म्हणून दीडशे घरांत छापून वाटलेला माणूस मान खाली घालून बसला होता. कुल्याशने त्याला तेवढं पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने पुन्हा वाचलं. या वेळी तो कमी अडखळला.

"काश्गरच्या पोराशी आमचं काही नातं नाही," म्हातारी म्हणाली. "लग्न ठरल्या दिवशी होईल. आणि तुम्ही हे असंच छापून त्या दीडशे घरांत नेऊन द्याल, व्याही. जेवण न घालता."

सुनेने चहा ओतायला घेतला. एर्मुरातने बाल्झानच्या हातातली पिशवी काढून घेऊन बाजूला ठेवली. रिस्ती रडत होती. काम झालं होतं, आता वही मिटली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

"बाबा, खाली अजून लिहिलंय," बाल्झान म्हणाली. "ते काय आहे?"

ते कोझाबेकनेही वाचलेलं नव्हतं. त्याने बोट खाली सरकवलं. सुरुवातीला त्याचंच नाव होतं, ते त्याला लगेच वाचता आलं. पुढचं तो एकेक शब्द जुळवत गेला.

"कोझाबेकला मी चार नावं शिकवली. बाकीची आपण विसरलो असं त्याला वाटतं आणि तो लाजतो. तो विसरलेला नाही. आमची चारच आहेत. हे त्याला तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवतो. मोठा झाला की वाचेल."

कोझाबेकला सहासष्टावं वर्ष चालू होतं.